बावीस नंबरची जागा

सासूबाई: आणि हे तू मला आत्ता सांगतेस? पार्किंगमध्ये?

सून: मग कुठं सांगू, आई? घरी बाबा शेजारच्या खोलीत. ऑफिसात समोरच्या टेबलावर. जातायेता गाडीत शेजारच्या सीटवर. आज तुम्ही बाजारातून परस्पर इकडं आलात, आणि ते थर्मास विसरले म्हणून वर गेले, तर पहिल्यांदा दहा मिनिटं मिळालीयेत.

सासूबाई: दहा कुठली? लिफ्ट बंद, त्यात यांचे गुडघे, आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून गप्पा मारणार. वीस धर. पण मला नीट सांग बाई, माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. चुकलं म्हणजे काय चुकलं?

सून: यादी चुकलीय. बाबांची आणि माझी. एकतीस नंबरांची.

सासूबाई: ती? जी फ्रेम करून भिंतीवर लावलीय?

सून: तीच.

सासूबाई: अगं, सात वर्षं झाली तिला. सात वर्षं हे जेवताना तीच यादी मला ऐकवतायत. अमका नंबर असा, तमका नंबर तसा. ती आता कशी चुकेल?

सून: आता नाही चुकली. तेव्हाच चुकली होती. मला बुधवारी कळलं.

सासूबाई: बुधवारी. म्हणून तीन दिवस ताटात चिवडत बसलीयेस होय. मला वाटलं, गुरुवारच्या मुलाखतीचं टेन्शन आहे.

सून: ते पण आहेच.

सासूबाई: बरं, सांग. पण पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात तसं सांग. तुमच्या भाषेत नको.

सून: लाखो तारे एकाच ठिकाणी गोळा झालेत, चेंडूसारखे, गच्च. त्याला म्हणायचं तारकागुच्छ.

सासूबाई: एवढं समजलंय मला चाळीस वर्षांच्या संसारात.

सून: त्यातले थोडेच तारे एक्स-रे सोडतात. अगदी फिके. म्हणजे तासन्‌तास बघत राहिलं तर कुठं मूठभर किरण हाताला लागतात.

सासूबाई: एक्स-रे म्हटलं की मला अजून छातीच दिसते. पुढं.

सून: आकाशात फिरणारी एक दुर्बीण त्या एक्स-रेचा फोटो काढते. त्यात तारे दिसत नाहीत, नुसते ठिपके. कुठला ठिपका कुठल्या ताऱ्याचा, हे कळायला तो फोटो साध्या फोटोवर ठेवायचा, एकावर एक. ठिपक्याखाली जो तारा येईल, ठिपका त्याचा. आता तो वरचा फोटो दरवेळी केसभर सरकलेला असतो. तेवढा मागं आणून जागेवर बसवायचा. एकदाच. आमचा दोनदा सरकवला गेला.

सासूबाई: दोनदा कसा?

सून: एकदा बाबांनी, एकदा मी. त्यांनी तो जागेवर आणून ठेवला होता, त्याच फाईलमध्ये, त्याच नावानं. मला पत्ता नाही. मी तीच फाईल उघडली आणि परत तेवढाच सरकवला.

सासूबाई: म्हणजे डबल डोस.

सून: काय?

सासूबाई: सकाळच्या पाळीतल्या सिस्टरनं इंजेक्शन दिलं आणि चार्टवर लिहिलं नाही. दुपारची आली, तिनं बघितलं चार्ट कोरा, तिनं परत दिलं. दोघी आपापल्या जागी बरोबर, आणि पेशंट मधल्यामधे मेला. चौतीस वर्षं वॉर्डात काढलीत मी, हे घरीसुद्धा सिस्टर म्हणतात मला, तू नको सांगूस.

सून: हेच झालंय, आई. अगदी हेच.

सासूबाई: पण मग सात वर्षांत एकालाही दिसू नये? एवढे शिकलेले तुम्ही लोक. चुकीच्या जागी ठिपका नेला तर खाली तारा येणारच नाही ना.

सून: तिथंच फसलो. गुच्छाच्या मधोमध इतकी गर्दी असते की डोळे मिटून बोट ठेवलं तरी खाली एखादा तारा सापडतोच. आणि सापडला की आपण खूश. एकतीसपैकी एकोणीस ठिपक्यांना तारे सापडले होते. बुधवारी मी फोटो नीट बसवून परत बघितलं. तीन उरले.

सासूबाई: आणि बावीस नंबर?

सून: गेला.

सासूबाई: गेला काय म्हणतेस? यांचा जीव आहे त्या बावीसमध्ये. नात असती तर तिचेही इतके फोटो पाकिटात ठेवले नसते या माणसानं.

सून: आम्ही ज्या ताऱ्याला बावीस नंबर म्हणत आलो, तो साधा तारा निघाला. शेजारी राहणारा. त्याचा एक्स-रेशी काही संबंध नाही. त्याचा प्रकाश थोडा कमीजास्त होतो, एवढंच. त्याच्यावरून आम्ही केवढं रामायण लिहिलं. मेलेला तारा, त्याचा जोडीदार, तो त्याला कसा ओरबाडून खातो.

सासूबाई: मग खरा बावीस कुठंय?

सून: ठिपका आहे. तो खरा आहे. पण त्याच्याखाली आता काहीच येत नाही. काळं आहे.

सासूबाई: अरे देवा. आणि सोमवारपासून त्या मोठ्या दुर्बिणीच्या तीन रात्री...

सून: बावीस नंबरसाठीच. सात वर्षं अर्ज करतायत बाबा, आत्ता कुठं मिळाल्या. तिकडच्या लोकांना आज पाचपर्यंत नेमकी जागा कळवायचीय. मेल मी करायचाय.

सासूबाई: मग नवी जागा कळव आणि मोकळी हो. कोण विचारतंय?

सून: नवी जागा काळी आहे, आई. ते पहिल्या मिनिटाला विचारतील, जागा का बदलली. आणि जुनी कळवली, तर तीन रात्री एका साध्या ताऱ्याकडे बघत बसतील. आठवड्यात निकाल येईल. मग बाबा उरलेला जन्म कागद चाळत बसतील, कुठं चुकलं, कसं चुकलं. माझ्या समोर बसून. मी उत्तर माहीत असून त्यांना चहा विचारणार.

सासूबाई: आणि गुरुवारचं?

सून: त्या यादीशिवाय माझ्याकडं दाखवायला आहे काय? पाचव्यांदा करार वाढवलाय संस्थेनं माझा. आता वाढवत नाहीत. पक्कं करतील, नाहीतर नमस्कार.

सासूबाई: नवऱ्याला सांगितलंस?

सून: जहाजावर फोन लागला तेवढ्यात सांगितलं. म्हणाला, तू आणि बाबा मिळून बघून घ्या, मला त्यातलं कळत नाही.

सासूबाई: बापावर गेलाय. पण एक सांग. यांनी काम करून ठेवलं आणि बोलले नाहीत? हरवलेलं पेन सापडलं तरी गल्लीभर सांगणारा माणूस हा.

सून: फाईलवर तारीख आहे. आमच्या लग्नाचा आदला दिवस. दुपारी तीन ते संध्याकाळी आठ.

सासूबाई: थांब. तीन ते आठ? मला म्हणाले, हॉलवाल्याकडे खुर्च्या मोजतोय. पाच तास खुर्च्या मोजत होता हा माणूस. पाहुण्यांनी घर भरलेलं, गॅस संपलेला, आणि मी एकटी नाचतेय. सात वर्षं मी त्या खुर्च्यांवरून टोमणे मारतेय.

सून: मी अकरा दिवस रजेवर होते ना. परत आल्यावर माझ्यावर एकदम ढीग पडू नये म्हणून त्यांनी माझं थोडं उरकून ठेवलं असणार. आणि मग गडबडीत सांगायचं राहिलं. आता बोला. निष्काळजीपणा असता तर मी भांडले असते. ही माया आहे. मायेला काय म्हणून दोष देऊ? मला तीन दिवस झोप नाही, आई. मला कुठूनच बाहेर पडता येत नाहीये.

सासूबाई: इकडं बघ. डोळे पूस. आज काही सांगायचं नाही त्यांना.

सून: पाचला मेल जायचाय.

सासूबाई: जुनी जागा पाठव. गुरुवार पार पडू दे. मग बघू. मी आहे.

सून: आई, तुम्ही असं म्हणताय?

सासूबाई: मी आई म्हणून म्हणतेय. ते बघ आले, दरवानाशी हात हलवत. हस जरा.

(मागचं दार उघडतं. सासरे थर्मास सांभाळत आत बसतात.)

सासरे: सिस्टर, तुम्ही पुढंच बसा, उठू नका. मी आज मागं, साहेबासारखा. थर्मास कुठं सापडला माहितेय? हिच्या कागदांखाली. दोन माणसांना एक खोली दिली की असंच होणार. मी म्हटलं होतं, निवृत्त झाल्यावर दोन महिने बसतो तुझ्या खोलीत, तात्पुरता. दोन वर्षं झाली त्याला.

सासूबाई: पट्टा लावा.

सासरे: लावला. कँटीनवाला भेटला, त्याला सांगितलं, सोमवारपासून तीन रात्री. तो म्हणाला, साहेब, तुम्ही जाणार तिकडं? म्हटलं, जायला लागत नाही आता, इथं बसून बघायचं. बरं का सूनबाई, मेल गेला?

सून: अजून नाही.

सासरे: अजून नाही? चार वाजून गेले. काय करत होतीस दिवसभर?

सून: बघत होते.

सासरे: काय बघत होतीस? जागा मला झोपेतून उठवून विचारलीस तरी सांगेन. लिहून घे, पहिला आकडा सतरा...

सून: माहीत आहे मला, बाबा.

सासूबाई: अहो, गाडी चालवतेय ती. घरी जाऊन करेल.

सासरे: घरी जाईपर्यंत पावणेपाच. आणि पुढं बघा, फाटक पडलं. झालं. मालगाडी असणार, या वेळेला मालगाडीच असते. बंद कर इंजिन. आता बरं झालं, निवांत कर मेल. नाहीतर फोन इकडं दे, मी करतो.

सासूबाई: तुम्हाला अक्षरं दिसत नाहीत फोनवरची.

सासरे: मोठी करता येतात. सात वर्षं वाट बघितलेला मेल आहे, मला दिसेल. ... काय झालंय? तुम्ही दोघी गप्प का? मी आलो तेव्हा तुम्ही बोलत होता. काचेतून दिसत होतं मला.

सासूबाई: आमचं बायकांचं काही असतं.

सासरे: असं? म्हणजे... काही गोड बातमी तर नाही?

सून: नाही, बाबा.

सासरे: मग तोंडं अशी का? डॉक्टरांचा फोन आला होता का माझ्या रिपोर्टबद्दल? सिस्टर, माझ्यापासून लपवायचं नाही, आपलं ठरलंय.

सासूबाई: तुमचे रिपोर्ट धडधाकट आहेत. तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाल.

सून: सर.

सासरे: सर? गाडीत बसल्यावर मी बाबा असतो ना?

सून: सर, बावीस नंबरची जागा चुकलीय.

सासूबाई: अगं...

सून: सगळ्या यादीचीच चुकलीय.

सासरे: किती?

सून: जेवढं आपण सरकवायचं ठरवलं होतं, बरोबर तेवढीच.

सासरे: कशावरून म्हणतेस?

सून: रेडिओ दुर्बीणवाल्यांनी गेल्या महिन्यात तीन नंबरची जागा छापली. आपल्यापेक्षा कितीतरी नेमकी. ती आपल्याशी जुळेना. मग मी आणखी चार तपासले. सगळ्यांचा फरक एकाच दिशेला आणि एकाच मापाचा.

सासरे: एकाच मापाचा.

सून: हो.

सासरे: मग ते दुर्बिणीचं नाही. ते मोजण्याचंही नाही. ते कुणाच्या तरी हातचं आहे. तुझ्याकडून दोनदा लागलं का ते?

सून: मी एकदाच लावलं.

सासरे: नीट आठव. लग्नानंतरचे दिवस होते. माणसाचं लक्ष नसतं. मी रागावत नाहीये.

सून: एकदाच, सर. माझ्या वहीत आहे. रजेवरून आल्यावर दुसऱ्या दिवशी.

सासरे: मग पहिल्यांदा कुणी लावलं? आपण दोघांशिवाय त्या फाईलला हात कोण...

सासूबाई: खुर्च्या.

सासरे: काय?

सासूबाई: पाच तास खुर्च्या मोजत होतात ना तुम्ही. हॉलवाल्याकडे.

सासरे: त्या दुपारी...

सून: फाईलवर तारीख आहे. खाली तुमच्या नावाची अक्षरं आहेत.

सासरे: काच खाली कर जरा. गरम होतंय इथं.

सून: करते.

सासरे: मी उतरतो. चालत येतो घरी. हे दार का उघडत नाहीये?

सून: चाइल्ड लॉक आहे, बाबा. आतून नाही उघडत ते. थांबा, मी उतरून...

सासूबाई: तू बस जागेवर. कुणी उतरत नाही. मागंपुढं गाड्या, गुडघे हे असे, आणि निघाले चालत.

सासरे: मी तुला सांगितलं नव्हतं का?

सून: नाही.

सासरे: मला वाटत होतं, सांगितलंय. हॉलमध्ये सांगायचं ठरवलं होतं मी. गेलो होतो तुझ्याकडं. तू फोटोवाल्याच्या तावडीत सापडली होतीस, डोळे लाल झाले होते दिव्यानं. म्हटलं, आता हिला फाईलचं काय सांगायचं, उद्या सांगू. मग तुम्ही दोघं फिरायला गेलात. आणि तू परत आलीस तेव्हा माझ्या मनात ते सांगून झालेलं होतं.

सून: माहीत आहे मला. म्हणजे, तसंच असणार असं वाटलं होतं.

सासरे: बावीसच्या खऱ्या जागी काय आहे?

सून: काही नाही. काळं.

सासरे: नीट बघितलंस? निळ्या फोटोत?

सून: निळ्या, लाल, सगळ्या. तीन दिवस तेच करतेय. तुम्ही समोर बसून शब्दकोडं सोडवत होतात, मी तेच करत होते.

सासरे: आणि ते मेलेल्या ताऱ्याचं, जोडीदाराचं, ते सगळं मी... परदेशात जाऊन सांगून आलो मी ते. लोक उठून उभे राहिले होते.

सासूबाई: अहो, पाणी घ्या.

सासरे: नको. मला वाईट वाटतंय, सिस्टर. पाणी पिऊन जाणारं नाहीये ते. ... बरं. आता ऐक. जुनीच जागा पाठव.

सून: काय?

सासरे: जुनी. छापलेली. पाचच्या आत.

सून: सर, तिथं साधा तारा आहे.

सासरे: मला कळतंय तिथं काय आहे. गुरुवारी तू त्या लोकांसमोर बसशील तेव्हा तुझ्या नावावर ती यादी धड असली पाहिजे. पक्कं झाल्याचा कागद हातात पडला की मी स्वतः सगळ्यांना कळवेन. माझं नाव घालून. माझं आता कोण काय बिघडवणार आहे? तुला त्यात ओढायचं कारण नाही.

सून: आणि त्या तीन रात्री?

सासरे: जातील फुकट. कुणाकुणाच्या जातात. तुझ्या पोटापेक्षा मोठ्या नाहीत त्या.

सून: मी कागद घेईन, आणि महिन्यानं तुम्ही सांगाल की यादी खोटी होती. मग सगळे मोजतील, हिला कधीपासून माहीत होतं.

सासरे: कुणाला कळणार नाही. मी तारखा सांभाळेन.

सून: तुम्ही परत तेच करताय.

सासरे: काय करतोय?

सून: मला न विचारता माझं काम उरकून ठेवताय. तेव्हाही माझ्या भल्यासाठी, आताही माझ्या भल्यासाठी. अकरा वर्षं मी तुमच्यासमोर बसतेय, सर. चार वर्षं विद्यार्थिनी म्हणून, सात वर्षं सून म्हणून. दुसरा कुणी असता ना समोर, तर रजेवरून आल्या आल्या पहिलं विचारलं असतं, काय रे, माझ्या फाईलला हात लावलास का? तुम्हाला विचारायचं कसं? गुरूला विचारलं तर उद्धटपणा, सासऱ्याला विचारलं तर त्याहून जास्त. म्हणून गप्प बसले आणि सरकवला फोटो. मला घुसमटायला होतं त्या खोलीत. चांगले आहात तुम्ही, म्हणून तर जास्तच. वाईट असतात तर कधीच निघून गेले असते.

सासरे: हे तू आधी कधी बोलली नाहीस.

सून: बोलायला तुम्ही कधी खोलीबाहेर गेलात?

सासूबाई: फाटक उघडलं. मागचे हॉर्न मारतायत. गाडी काढ.

सून: काढते.

सासूबाई: पुढं टायरवाल्याच्या दुकानापाशी बाजूला घे. सावली आहे तिथं. घे बाजूला म्हणते ना.

सून: घेतली.

सासूबाई: आता दोघंही ऐका. मघाशी पार्किंगमध्ये मी हिला सांगितलं, गप्प बस, जुनी जागा पाठव. तुम्ही यायच्या आधी. आता तुमच्या तोंडून तेच ऐकलं आणि मला माझीच लाज वाटली.

सासरे: तुम्हाला आधीच माहीत होतं?

सासूबाई: वीस मिनिटं आधी. ते राहू दे. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट आहे. एका बाईला मी रात्रीची गोळी दिली. मग कळलं, आधीच्या पाळीतलीनं दिलेलीच होती. ती माझी मैत्रीण. लहान पोर होतं तिला, नोकरी गेली असती. आम्ही दोघींनी ठरवलं, लिहायचं नाही. रात्रभर मी त्या बाईची नाडी धरून बसले.

सून: काही झालं त्यांना?

सासूबाई: काही नाही. सकाळी उठून मला म्हणाली, सिस्टर, झोप छान लागली. पण त्यानंतर ती मैत्रीण आणि मी एकमेकींशी धड बोललो नाही. एकाच वॉर्डात नऊ वर्षं. समोर आली की ती चादरी घडी घालायला लागायची. तुम्हाला दोघांना तसं बघायचं नाही मला. एका घरात आहात तुम्ही. मी मधे बसून कुणाला वाढू?

सासरे: तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत, सिस्टर.

सासूबाई: तुम्ही तरी खुर्च्यांचं सांगितलंत का? वाजले किती?

सून: चार एकोणतीस.

सासूबाई: लिही मेल.

सून: सर?

सासरे: लिही. चूक माझ्याकडून झाली असं लिही. सुरुवातीलाच.

सून: आमच्याकडून.

सासरे: माझ्याकडून. मी सांगायला हवं होतं.

सून: मी तपासायला हवं होतं. पेपरवर पहिलं नाव माझं आहे.

सासूबाई: आमच्या रजिस्टरात चूक हा शब्दच चालत नसे. ज्यानं त्यानं आपल्या छातीवर हात मारून घ्यायचा, असला प्रकार नाही. कुठली गोळी, किती वाजता, कुणी दिली. परत किती वाजता, परत कुणी. आता पेशंट कसा आहे. बस. वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

सासरे: सिस्टर बरोबर बोलतायत. तसंच लिही.

सून: अमुक तारखेला सरांनी दुरुस्ती लावली. तेरा दिवसांनी मी तीच परत लावली. त्यामुळं यादीतल्या सगळ्या जागा सरकल्या आहेत. दुरुस्त जागा सोबत जोडल्या आहेत. बावीस नंबरच्या दुरुस्त जागी आमच्या फोटोत तारा दिसत नाही. त्या तीन रात्री दुसऱ्या कुणाला देता येत असतील तर द्याव्यात. खाली आपली दोघांची नावं.

सासरे: पहिल्या तारखेपुढं कंस करून लिही, लग्नाच्या...

सासूबाई: काही नको. ते आपल्यातलं आहे.

सासरे: नको तर नको. रात्री द्याव्यात असं लिहिलंस?

सून: हो. काढू?

सासरे: नको. राहू दे. बरोबर आहे ते. दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी दिसेल.

सून: पाठवू?

सासरे: एकदा मला वाचू दे. फोन दे इकडं. ... अक्षरं मोठी कर.

सून: केली.

सासरे: हं. ... हं. दुरुस्त हा शब्द तीनदा आलाय. असू दे. पाठव.

सून: गेला.

सासूबाई: सुटलो एकदाचे. चल आता, घरी चल.

सून: जरा थांबते, आई. लगेच नाही चालवता येणार.

सासूबाई: थांब. दुकानवाला बघतोय आपल्याकडं. त्याला वाटत असेल, चाक बदलायचंय.

सासरे: गुरुवारी पहिला प्रश्न हाच येईल तुला. तोपर्यंत सगळीकडं पोचलेलं असेल.

सून: माहीत आहे.

सासरे: नोकरी जाईल कदाचित.

सून: जाईल. भीती वाटतेय मला, नाही असं नाही. पण बुधवारपासून वाटत होती तसली नाही.

सासरे: काय सांगशील त्यांना?

सून: मेलमध्ये आहे तेच.

सासरे: ते विचारतील, सरांनी तुला सांगितलं कसं नाही?

सून: मी सांगेन, मी त्यांना विचारलंच नाही कधी.

सासरे: मग आता विचार.

सून: आता काय उपयोग, बाबा?

सासरे: असू दे. विचार.

सून: सर, माझ्या फाईलला तुम्ही हात लावला होता का?

सासरे: हो गं. लावला होता.